डोळे जपणारी शाळा

कॅम्बरवेल, लंडन
३ मार्च १९२२

प्रिय आयव्हीताई,
सप्रेम नमस्कार. तू ब्रायटनला नोकरीला गेलीस आणि घर सुनं झालं. अधू डोळ्यांच्या मुलांच्या आमच्या शाळेत तेच चाललंय. डोळे जपायचे म्हणून फळ्यासमोर उभं राहून वीतभर अक्षरं काढायची, पुस्तकाला बंदी. उरलेला वेळ टोपल्या विणा. घरात आता माणसं कमी नि टोपल्या जास्त.

स्कॉलरशिपची परीक्षा मात्र मेमध्ये आहे. पास झाले तर मोठी शाळा, पुढे मास्तरीण! आमच्या वर्गाच्या बाई मिस टॅप्लींनी मोठ्या मिनतवारीने नाव घातलं, तेही पुस्तकाला हात न लावण्याच्या अटीवर. मी परसातल्या संडासात बसून चोरून वाचते. बाबांना वाटतं, पोट बिघडलंय. तुझं इतिहासाचं पुस्तक गुपचूप पाठव ना.
तुझी लाडकी (अजून असेन तर),
मेबल

ब्रायटन
९ मार्च १९२२

चि. मेबलला अनेक आशीर्वाद.
हे पत्र आईकडून वाचून घे, स्वतः वाचू नकोस. पुस्तक पाठवत नाही. रागावशील, पण मिस टॅप्लींना मी सगळं कळवलं आहे. वाचलंस तर आंधळी होशील, असं शाळेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं ना? परीक्षेचं काय, लग्न झालं की विसरशील. कुणाचा तरी हात धरून चालणारी बहीण मला बघवणार नाही. इथे बाईसाहेबांचा कुत्रा माझ्यापेक्षा बरं जेवतो, बाकी क्षेम. माया कमी करू नकोस.
तुझी ताई

कॅम्बरवेल
२० ऑक्टोबर १९३६

आयव्हीस,
पत्र पोचलं. तुझ्या लेकीला, पेगीला, तसल्या डोळे जपणाऱ्या वर्गात घालू का, हे तू मला विचारतेस, कमाल आहे तुझी.

लाँड्रीतल्या वाफेने डोळे चुरचुरतात म्हणून गेल्या महिन्यात इस्पितळात गेले होते. डोळे जपायला मी वाचत नाही, हेही सांगितलं. तरुण डॉक्टर म्हणाला, की वाचण्याने डोळे जात नाहीत, ती जुनी समजूत होती. किती सहज म्हणाला! मी हसतच सुटले. नर्सला पाणी आणावं लागलं.

तुझ्या त्या पत्रानंतर मिस टॅप्लींनी वर्गासमोर परीक्षेच्या यादीतून माझं नाव कापलं, वर म्हणाल्या की अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं. पण राग जात नाही.

पेगीला चष्मा लाव, साध्या शाळेत घाल, हवं ते वाचू दे. मावशी काय करते असं तिने विचारलं, तर लोकांच्या चादरी धुते म्हणून सांग. का, असं विचारलं, तर तेही तूच सांग.
मेबल