तुम्ही घरचे ना?

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! बॅग हॉस्टेलच्या पलंगाखाली ढकलली, खिडकी उघडली आणि आधी ही वही काढली. बुटांच्या दुकानात इतकी वर्षं लोकांच्या पायांशी बसले, आता त्यांच्या उशाशी बसणार. आईच्या मते ही काही बढती नाही. परक्यांचं काढायचं-पुसायचं, आणि त्यासाठी वर शिकायला जायचं, असं ती मी निघेपर्यंत पुटपुटत होती आणि एकीकडे बॅगेत मोजे कोंबत होती. मी नर्स होऊन दाखवते की नाही, ते बघच म्हणावं.

पहिल्या तासाला वाटलं होतं सुई हातात देतील. शिकवणाऱ्या बाईंनी चक्क बसायला शिकवलं! पेशंटशी उभं राहून वरून बोलायचं नाही, खुर्ची ओढून समोर बसायचं. हात लावण्याआधी विचारायचं. आणि विचारताना उत्तर आपण पुरवायचं नाही. ‘तुम्ही अमुकच ना’ असं नाही, ‘तुमचं नाव काय’ असं विचारायचं; थकलेलं, घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. त्याचे घरचे कोण, हेसुद्धा त्यानेच सांगायचं, मग त्यांना सोबत घ्यायचं. मला हसू आवरेना. एवढं तर बूट विकणाऱ्यालाही कळतं.

५ मार्च, बुधवार

मला माझी पहिली पेशंट मिळाली. जिन्याजवळच्या खोलीत एकटीच असते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालंय, वॉकर धरून दाराशी जाऊन येते. मी खुर्ची ओढली, स्वतःचं नाव सांगितलं, तुम्हाला काय हाक मारू असं विचारलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. आयुष्यभर पोहायला शिकवलंय म्हणे, अर्ध्या शहराला तिने स्वतःच्या हाताने पाण्यात ढकललंय, तेव्हा कोच म्हणायचं. आजी म्हटलंस तर बेडपॅन फेकून मारेन, तोही भरलेला. तिथल्या तिथे माझं तिच्याशी जमलं.

चहात तीन चमचे साखर. उजव्या कुशीवर झोप. अंग पुसायला गरम पाण्याचं भांडं जवळ आणलं की आधी त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून बसते, पाणी निवलं तरी काढत नाही, आणि मी घाई केली की डोळे वटारते. घरी कोण विचारलं, तर लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, एक मांजर आहे. शेजारचा रंगारी त्या मांजरीला खायला घालतो, रविवारी इथे येऊन कोचशी पत्ते खेळतो आणि लबाडी करतो. तोच काय तो माझा घरचा, म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

लिफ्टसमोरच्या बाकावर तिघंजण बसलेली असतात. एक वयस्क बाई, एक तरुण बाई आणि एक पुरुष. तिघांच्याही मांडीवर घडी घातलेला पांढरा टॉवेल. आल्या दिवसापासून बघतेय, त्यांना कुणी बोलावत नाही, कुणी काही विचारत नाही. इथे तशी पद्धतच पडली आहे. बाकावरचा माणूस कुणाचा तरी असणार, असं धरून सगळे पुढे जातात.

आज भेटीच्या वेळी ती तिघं कोचच्या दारात येऊन उभी राहिली. कोच झोपली होती. मला इतका आनंद झाला, की विचारू नका! सख्खं नसलं तरी चुलत-मावस कुणी असेलच, माणसं रागाच्या भरात आपल्याला कुणी नाही म्हणतात. मी लगबगीने खुर्च्या मांडल्या आणि तोंड भरून विचारलं, तुम्ही घरचे ना?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवा बूट पायात घालून बघावा, तसं वयस्क बाईने ते शब्द तोंडात घोळवून बघितले. मग हसली. हो, म्हणाली, आम्ही घरचे. आणि तिघं बसली.

१० मार्च, सोमवार

घरची माणसं असावीत तर अशी. चादर बदलतात, केस विंचरतात, भरवतात. इन्चार्ज सिस्टर खूश आहेत. अख्ख्या मजल्याला त्या आणि आम्ही दोन शिकाऊ पोरी, त्यात असे नातेवाईक म्हणजे लॉटरीच. रंगारी काल आला होता. आत घरचे बसलेत, असं सांगून सिस्टरांनी त्याला खालूनच परत पाठवलं.

मला मात्र एक गोष्ट खटकली. मी चहा विचारला कोचला, उत्तर दिलं वयस्क बाईने. आत्याला साखर चालत नाही, म्हणाली. मी हसून म्हटलं, तीन चमचे लागतात, मीच घालते रोज. कोचने कप तोंडाला लावला आणि तोंड वाकडं करून खाली ठेवला. इतकं गोड कसं प्यायचं, म्हणाली. तिची थट्टा असेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण ती हसली नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळी कोच म्हणून हाक मारली तर वळून बघितलंच नाही. आत्या म्हणायचं, असं तरुण बाईने मला सौम्यपणे सांगितलं. मग कोचनेही तसंच सांगितलं, त्याच सौम्यपणे. तिच्या तोंडी सौम्यपणा!

मी पाण्याचं भांडं आणलं. पुरुष म्हणाला, आत्याला लहानपणापासून पाण्याची भीती आहे. कोचने भांड्याकडे पाहिलं आणि किंचाळली. पाय पोटाशी घेऊन, मोडलेला खुबा विसरून, पलंगाच्या कडेला सरकत किंचाळत राहिली. मी भांडं बाहेर नेलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

ती तिघं बोलतात ते तिच्याबद्दल खरं नसतं. पण बोलली की खरं होतं.

१३ मार्च, गुरुवार

इन्चार्ज सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयात असं होतं. उद्या कोचला घरी सोडणार. कुणाच्या घरी विचारलं, तर घरच्यांच्या. पत्ता विचारला का, या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच उद्धट ठरले. ठरू दे.

घरचे हा शब्द त्यांच्या तोंडात घातला कुणी? मी. बाकावर नुसती बसली होती, मीच दार उघडून खुर्च्या मांडल्या. पहिल्याच तासाला शिकवलं होतं आणि मी हसले होते. स्वतःचा असा संताप आला, की जेवण गेलं नाही.

दुपारी ती तिघं खाली गेली तेव्हा कोचजवळ बसून सांगत सुटले. तुम्ही कोच आहात, तुम्ही पोहायला शिकवता, तुम्हाला तीन चमचे लागतात. ती हो म्हणाली. प्रत्येक गोष्टीला हो. डोळे मात्र रिकामे. त्यांच्यासारखीच मीही तिला घडवत होते, एवढंच. लाज वाटली. उठले.

सांगून भागणार नाही. विचारायचं आणि थांबायचं. उद्या, त्यांच्यासमोर. त्यांना घेऊन जाऊ देणार नाही. नाही म्हणजे नाही.

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

झालं! लिहायलाच हवं.

व्हीलचेअर आणली होती. डॉक्टर, सिस्टर, ती तिघं टॉवेल घेऊन उभी. मी खुर्ची ओढून कोचच्या समोर बसले आणि विचारलं, हे कोण आहेत? वयस्क बाई उत्तर देऊ लागली. मी म्हटलं, तुम्हाला नाही विचारलं. सिस्टर रागावल्या. मी हलले नाही. पुरुष बोलला, तरुण बाई बोलली, तिघंही हळूहळू एकाच आवाजात बोलायला लागली. मी कोचच्या डोळ्यांवरून नजर हटवली नाही. काही सुचवलं नाही. हातसुद्धा धरला नाही. पुन्हा विचारलं, हे कोण? आणि थांबले. किती थांबले कोण जाणे, मानेवरून घाम ओघळत होता.

कोचचे ओठ हलले. मी ओळखत नाही यांना, म्हणाली. मग आवाज चढला. मी कुणाच्या बापाची आत्या नाही, आधी बाहेर काढा यांना, आणि माझा रंगारी कुठाय?

मी रडले, हसले, सगळं एकदम. सिस्टरांनी रंगाऱ्याला फोन लावला. कोचला तपासायला म्हणून समोरच्या खोलीत हलवलं.

ती तिघं चिडली नाहीत. टॉवेलांची घडी नीट केली. मग माझ्याकडे वळली. वयस्क बाई सिस्टरांना म्हणाली, या मुलीला बरं वाटत नाहीये. आणि माझे गुडघे गेले. खरंच गेले. मला कोचच्याच पलंगावर निजवलं. सिस्टर बिचाऱ्या गोंधळलेल्या, त्यांनी विचारलं—मी नको म्हणून ओरडले, तरी विचारलंच—तुम्ही हिच्याही घरचे का?

संध्याकाळ

तिघं बसली आहेत. वही ॲप्रनच्या खिशात होती, ती उशीखाली लपवली, तेवढी राहिली. म्हणतात ताप आहे. कपाळ भाजतंय. सकाळी ठणठणीत होते मी!

१५ मार्च

म्हणतात हिला आई नाही. खोटं! मला आई आहे. तिने मोजे दिले. ती पुटपुटते. ती—तिचा चेहरा—रागाने लिहितेय, राग आहे तोवर मी आहे. सिस्टर फोन लावू का म्हणाल्या. वयस्क बाई म्हणाली, कुणाला लावणार? सिस्टर गेल्या.

आई आहे. आहे. आहे.

१६ मार्च

बूट विकायचे. कुठे—

म्हणतात ही शांत मुलगी आहे, कधी उलट बोलत नाही. उलट बोलायला तोंड उघडलं. आवाज नाही. मग लिहून बोलेन. तुम्ही माझे कुणी नाही. नाही नाही नाही.

१७ मार्च

उद्या घरी नेणार आहेत मला.

पुरुषाने वही बघितली. रागावला नाही. म्हणाला हिला लिहिता येत नाही, शाळेतच गेली नाही ना—

अक्षरं—हे काढतेय, वाचता—

दारात वॉकर. ती. ओरडणारी. रंगारी मागे. खुर्ची ओढली. बसली समोर. तिघं बोलतायत. ती ऐकत नाही. माझ्याकडे बघते. विचारते तू कोण. सांगत नाही. ती थांबलीय. ती थांबेल. तिला माहीत आहे पण सांगत नाही, मलाच—

मी