दुसऱ्या हल्ल्यातली नऊ मिनिटं

श्रूजबरी, २६ एप्रिल

प्रिय दादा,

१. लढाईचा प्रयोग सकाळी अकराला सुरू झाला.
२. अकरा बावीसला, दुसऱ्या हल्ल्यात, बाबा पडले.
३. अकरा एकतीसला तिसरा हल्ला संपला. मेल्याचं सोंग घेतलेले सगळे उठले. बाबा उठले नाहीत.
४. अकरा एकेचाळीसला ॲम्ब्युलन्स आली.
५. साडेबाराला डॉक्टरांनी मला सांगितलं.

गेल्या जूनमध्ये हे पाच मुद्दे मीच तुला फ्रिस्कोला पाठवले होते. तू ते रत्नामावशीविरुद्धच्या तक्रारीत जसेच्या तसे घातलेस. मैदानावर लक्ष ठेवणं तिचं काम होतं आणि तिने ते केलं नाही, असं तू पुढे लिहिलंस. सोळा मेला जुन्या लढाया वठवणाऱ्या आमच्या पथकाची समिती तिला काढायचं की नाही ते ठरवेल.

आई बरी आहे. बाबांचा प्रयोगातला तो तपकिरी कोट तिने अजून धुवायला दिलेला नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला बंडखोरांच्या सैन्याकडे धड गणवेशही नव्हता, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, ते आता ती ऐकवते. परवा सिंकखालचा पाइप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तिने सांगितलं. तो बिचारा पाना हातात धरून ऐकत राहिला.

निवृत्तीनंतर डॉक्टर माणूस काडतुसांची लाकडी पेटी आणि बंदूक घेऊन शेतात धावतो, याची तुला लाज वाटायची. मलाही थोडी वाटायची. पण बाबांना त्या युद्धाचा शेवट आवडायचा नाही, सुरुवात आवडायची. टेकडीवर शेतकऱ्यांनी दोनदा इंग्रजांना परतवलं, तिसऱ्यांदा बंदुकीची दारू संपली आणि टेकडी गेली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क गेलं, माणसं घरी पळाली, आणि सगळं संपलं असं वाटत असताना नाताळात गोठती नदी ओलांडून ट्रेंटनला एक छोटासा विजय. बाबा म्हणायचे, आपल्याला शेवट माहीत आहे, त्यांना नव्हता. मग ते स्वतःच्या पहिल्या दोन वर्षांवर यायचे. रेसिडेन्सीसाठी आलेले नकार, एका खोलीत चौघं, आणि वूस्टरच्या हॉस्पिटलातून आलेला होकाराचा तो एक फोन. तू तोवर टेबलावरून उठलेला असायचास.

आमच्या पथकात कोणी केव्हा मरायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. गुडघे दुखणारे पहिला हल्ला मागून घेतात, म्हणजे बाकीचा वेळ गवतात निजता येतं. बाबांनी कधीच मागून घेतला नाही. एकदा पडलं की ढोल वाजेपर्यंत हलायचं नाही आणि कोणी शिवायचं नाही. काही खरंच झालं असेल तर हात वर करायचा. त्या वेळा मी बसवते. कोण कितव्या मिनिटाला पडणार याचा तक्ता फक्त माझ्याकडे असतो. रत्नामावशीकडे लाल झेंडा. तिने तो उंचावला की सगळं जागच्या जागी थांबतं.

त्या दिवशी बाबांची चिठ्ठी तिसऱ्या हल्ल्याची होती.

स्मशानात सगळ्यांसमोर तू मावशीला विचारलंस, "तू तिथे नुसती उभी कशाला होतीस?" तिने आईला पाण्याची बाटली दिली आणि ती गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती आपल्याकडे आलेली नाही. मीही तिच्याकडे गेलेले नाही. समितीपुढेही ती गप्पच आहे. दहा महिने ती ज्याबद्दल गप्प आहे ते माझं आहे.

बाबा पडले तेव्हा मावशीचा हात झेंड्यावर होता. तिने मला विचारलं, "उत्तरा, हेमचंद्र आत्ता पडणार होते का गं?" मी तक्ता पाहिला. पुढच्या पानावर त्यांचं नाव मला स्पष्ट दिसलं. मी म्हणाले, "नाही. पण वेळ चुकवणं बाबांचं नेहमीचंच आहे. थांबवू नकोस, माझ्या सगळ्या वेळा चुकतील." तिने हात खाली घेतला. मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे खूण केली. मी पंपांच्या चाचण्या करते, दादा. एक आकडा जुळला नाही की मशीन बंद करायचं, हे मी रोज दहा लोकांना शिकवते. नऊ मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी दोन हृदयतज्ज्ञांना विचारलं. दोघंही म्हणाले, सांगता येत नाही. तुला पाठवलेल्या यादीत हे नव्हतं, कारण मी ते लिहिलं नाही. विसरले नव्हते. आईला काल सांगितलं. ती उठून आत गेली, अजून माझ्याशी बोललेली नाही. समितीला मी अकरा मेला लिहिणार आहे, तू काहीही ठरवलंस तरी. तक्रार मागे घेतोस का, आणि यापुढे माझ्याशी बोलणार आहेस का, हे दोन्ही मला दहा मेपर्यंत कळव.

तुझीच,
उत्तरा