टचपॅडला माझं बोट कळत नाही

२ तारीख, सोमवार

आलो बाई एकदाचे! घर दोन खोल्यांचं, पण उजेड भरपूर. खिडकीखाली टेबल बसलं, टेबलाखाली ठकी बसली. ठकी म्हणजे माझी चार वर्षांची लेक. टेबलाखाली तिचं दुकान निघालंय आणि मी एकटीच गिऱ्हाईक. तिचा बाबा तिकडची नोकरी आवरून महिनाअखेरीस येईल, तोवर आम्ही दोघीच. बाबा नसल्यामुळे बाईसाहेब मला चिकटून आहेत. पाठीवर माझा हात असल्याशिवाय डोळा मिटत नाही.

नोकरी झकास आहे. जुने कागदी नकाशे लॅपटॉपवर गिरवायचे. बरंचसं काम घरून, आठवड्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवायचं. आमच्या मोठ्या बाई बोलायला गोड आहेत. पहिला महिना परीक्षेचा, मग कायम, असं त्यांनी सांगितलं. लॅपटॉप माझ्या आधीच्या बाईंचा आहे. टचपॅडवर मधोमध घासून चकचकीत डाग पडलाय. बाईंनी काम मन लावून केलेलं दिसतंय!

४ तारीख, बुधवार

नव्याची नवलाई दोन दिवसांत संपली. टचपॅड चालत नाही. म्हणजे अजिबात नाही असंही नाही, तेच तर डोकं फिरवतं. बोट उजवीकडे न्यावं तर बाण जागचा हलत नाही. मी चिडून हात उचलला की मेला सावकाश डावीकडे निघतो.

बंद करून चालू केला. मऊ फडक्याने पुसला. हात धुतले, पुसले, पावडर लावली. चार्जर काढून पाहिला. ड्रायव्हर काढून परत टाकला. सेटिंगमध्ये जाऊन स्पर्शाची संवेदना कमी केली, जास्त केली, मधोमध ठेवली. छे! पालथ्या घड्यावर पाणी. साधा माउस जोडावा म्हटलं, तर ऑफिसने बाजूची सगळी भोकं बुजवून टाकलीत. नकाशे चोरीला जातात म्हणे. माझ्या हातून एक रेघ निघेना आणि यांना चोरीची काळजी!

ठकीने मात्र बोट फिरवलं आणि बाण झरझर पळाला. अस्सा राग आला.

५ तारीख, गुरुवार

ऑफिसला गेले. तिथे यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांच्या बोटाखाली टचपॅड लोण्यासारखा चालला. मी बोट लावलं की ठप्प. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नाचता येईना अंगण वाकडं. तोंडाने म्हणाले, बोटं कोरडी आहेत, मलम लावा. वर हेही सांगितलं की या पॅडला माणसाची ओळख करून द्यावी लागते. सेटिंगमध्ये तशी सोय आहे. पडद्यावर ‘तळहात ठेवा, हलवू नका’ असं येतं. हात ठेवून बसायचं, खालची पट्टी भरत जाते, भरली की झालं. एकदाच करायचं असतं, परत परत करायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, बिघडतं.

शेजारच्या टेबलावरची मुलगी भलती बोलकी आहे. आधीच्या बाई फार गर्विष्ठ होत्या म्हणे. शेवटी शेवटी तर दारसुद्धा दुसऱ्याने उघडून द्यायचं, मगच बाई आत जायच्या. एका दिवशी यायच्याच बंद झाल्या. असतात एकेक नमुने.

घरी येऊन ओळख करून दिली. पॅड जरा कोमट लागला. आता चालतोय! सुटले!

९ तारीख, सोमवार

ये रे माझ्या मागल्या. सकाळपासून बाण गोठलेला. मोठ्या बाईंनी फोन करून गोड आवाजात विचारलं, की पहिला नकाशा कधी बघायला मिळेल. तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग काढणार कोणावर? डॉक्टरांचं बजावणं गेलं खड्ड्यात. पुन्हा हात ठेवला, पट्टी भरली आणि पॅड सुतासारखा सरळ झाला. पहिल्यापेक्षाही छान चालतो. डॉक्टरांना यंत्रातलं कितपत कळतं, देव जाणे.

ठकीला संध्याकाळी ताप असल्यासारखं वाटलं म्हणून कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. माझाच हात गार होता.

१२ तारीख, गुरुवार

रोज सकाळी ओळख करून देते. दात घासावेत तशी सवयच लागलीय. त्याशिवाय चालतच नाही, काय करणार! नकाशे मात्र भराभर निघताहेत. मोठ्या बाई खूश आहेत.

ऑफिसच्या नळाखाली हात धरला की आपोआप पाणी येतं. आज येईना. मागे रांग लागली. शेजारच्या मुलीने हात पुढे केला की धो धो, मी केला की थेंब नाही. सगळे हसले, मीही हसले. मग फोनचा पडदा उजव्या हाताला दाद देईना. एकाच वेळी सगळी यंत्रं कशी बिघडतील? वैताग आलाय नुसता.

खऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नाडी छान आहे, शक्तीच्या गोळ्या घ्या, म्हणाले.

१४ तारीख, शनिवार

दुपारी ठकीला निजवत होते. नेहमीसारखी पाठीवर हात फिरवत होते. तर ही कुरकुरायला लागली, आई हात ठेव ना.

ठेवलाय की, म्हटलं.

खोटं बोलू नको, म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात दाबला, चांगला दाबला. तिला कळला नाही. मला तिचा फ्रॉक कळत होता, तिचा श्वास कळत होता. तिला मात्र माझा हात कळत नव्हता. डावा ठेवला तेव्हा झोपली.

मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

१६ तारीख, सोमवार

उजव्या हाताने काही धरता येत नाही. पेला निसटतो. डाव्याने लिहितेय, अक्षर कोंबडीचे पाय.

ऑफिसच्या डॉक्टरांना फोन केला. किती वेळा केलंत, असं त्यांनी विचारलं. रोज, म्हटलं. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, त्याला आता हात लावू नका, मी बघतो. काय बघतो? कधी बघतो? मी ओरडले, त्यांनी फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

आज लॅपटॉप उघडलाही नव्हता. दुपारी पाहिलं तर आपोआप चालू होता. नकाशा गिरवला जात होता. प्रत्येक कोपऱ्याला मी एक बारीक हिसका देते, शाळेपासूनची खोड. रेघेला तोच हिसका होता.

१७ तारीख, मंगळवार

मूर्ख मी. महामूर्ख. वाटलं, गेलेलं परत मागून घ्यावं. ओळख पुसायची म्हणून सेटिंग उघडलं, पुसण्याची सोयच सापडेना. ठकी पाठीवर हात हवा म्हणून रडत होती. घाई झाली. डावा हात ठेवला — उलटं होईल असं वाटलं — पट्टी भरली.

उलटं झालं नाही.

२० तारीख, शुक्रवार

ऑफिसच्या दाराशी उभी राहिले. कोणीतरी उघडेल म्हणून. शेजारच्या मुलीने उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय आठवलं ते मला कळलं. डॉक्टर रजेवर. मोठ्या बाई म्हणाल्या, काम फार सुरेख चाललंय, तुम्ही विश्रांती घ्या. मी सोमवारपासून एक रेघ मारलेली नाही.

डाव्याचा अंगठा आणि एक बोट उरलंय. ते दुखलं तरी बरं वाटतं.

ठकीच्या बाबाला फोन केला. ठकीनेच नंबर लावून दिला. सगळं सांगितलं. तू दमलीयस, म्हणाला. रविवारी येतो, म्हणाला. त्याआधी ये, म्हटलं, लवकर —

२१ तारीख, शनिवार

ठकी नीट झोपलेली नाही. कुशीत येते, हात शोधते, रडते. कडेवर घेता येत नाही. लॅपटॉप पायाने कपाटाखाली ढकललाय. आतून टकटक — नाही, टकटक नाही. घासल्यासारखं. सावकाश. कोणाच्या तरी पाठीवरून हात फिरवावा तसं.

२२ तारीख, रविवार

सकाळ. तिचा बाबा दुपारपर्यंत येईल. अंगठा गेला, ते बोटही गेलं. पेन दातात.

मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तर शांत. ठकी जमिनीवर झोपलेली, लॅपटॉप बाहेर काढलेला, गाल पॅडवर, तळहात पॅडवर. चेहरा इतका निवांत — आठवडाभरात पहिल्यांदा. देवा, मला क्षणभर बरंच वाटलं.

मग पडदा दिसला. तळहात ठेवा. हलवू नका. पट्टी भरत होती.

हाका मारल्या. जागी झाली, हसली. आईचा हात आहे, ऊन ऊन, म्हणाली. काढ म्हटलं. काढता येईना. पायाने लॅपटॉप ढकलला, ठकी त्याच्याबरोबर सरकत आली. दाताने वायर उपटली. पट्टी चालूच. दार उघडता येत नाही मला. खिडकीतून ओरडले, घसा बसला, रस्त्यावर कोणी नाही. हे लिहून काचेला लावते — आत या, दार फोडा, मुलीला —

ठकी रडतेय. म्हणतेय, आई दुखतंय, तूच धरलंयस, सोड ना —

सोडते बाळा, सोडतेय गं, मी सोड