वरच्या आळीचे पाणी, चौकातला फलक

नाना,

आज चौकातल्या फलकावर खालच्या कडेपर्यंत जागा उरलेली नाही, आणि हे तुम्हाला सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावे लागते. अक्षर मात्र उघड्या डोळ्यांनीही दिसते. मारुतीच्या देवळाची उत्तरेकडची भिंत, तिला टेकलेला काळा फलक, स्नान करून पूजेआधी तिथे गेलेले तुम्ही. आधी ओल्या फडक्याने पुसणार, मग कोरड्याने, मग फलक वाळेपर्यंत हात मागे बांधून उभे राहणार. कोणी घाईने विचारले, "गुरुजी, आज नळ हाय का?" तर तोंडाने सांगणार नाही. "थांबा, लिहितो," एवढेच म्हणणार. गावाने बातमी वाचावी, ऐकीव नेऊ नये, हा तुमचा हट्ट. तुमच्यानंतर त्या फलकावर कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे कापड चढले, ते फाटले, दुसरे चढले. मी येता-जाता मारुतीला हात जोडत असे आणि भिंतीच्या त्या बाजूला बघणे टाळत असे.

यंदा चैत्रात आपल्या प्रभागाची नवी नगरसेविका घरी आली. आठवीत माझ्याकडे संस्कृत शिकलेली ही मुलगी. अजूनही बसताना पदर सावरून पाय दुमडून बसते. म्हणाली, "बाई, ग्रुपवर सकाळी एक निरोप येतो, दुपारी दुसरा, संध्याकाळी कोणीतरी तिसराच फिरवतं. लोक आता खऱ्या निरोपावरही हसायलेत. तुम्ही फलक लिहा. लोक तुमचं मानतील." मी म्हटले, माझी सत्तरी कधीच उलटली, खांदा दुखतो. ती म्हणाली, "मग खालच्या ओळी बसून लिहा." दुसऱ्या दिवशी तिने फलकाला नवा काळा रंग दिलेला होता आणि जवळ एक बुटके स्टूल ठेवलेले होते.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिथे असते. उन्हाळा सरत आला की नगरपालिकेला एकाएकी जाग येते, ते तुमच्या काळासारखेच आहे. पण यंदाची जाग काही निराळी आहे. मोठ्या नाल्याचा गाळ काढणे चालू आहे आणि यंत्र आता स्टेशनमागच्या वस्तीपर्यंत आले आहे. तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या म्हणून शनिवारी सकाळी दोन तास वीज नसेल. रस्त्याचे काम संपेपर्यंत आठवडी बाजार जुन्या मैदानावर भरेल. वाचनालयात मुलांचा सुटीतला वर्ग संपतो आहे, समारोपाला पाठांतर आहे, आणि त्या मुलांचे उच्चार, नाना, तुम्ही ऐकायला हवे होते. जोडाक्षरे अशी सुटी आणि स्वच्छ म्हणतात की माझ्या अंगावर काटा येतो. एका परीने ही सगळी क्षुद्र कामे आहेत. पण अर्थ लावून पोथी वाचणाऱ्याला प्रपंच आणि परमार्थ यांमध्ये वेशीची भिंत दिसत नाही, हे तुम्हीच मला शिकवले. या सगळ्या ओळींच्या वर, मधोमध, मी गेले काही दिवस एकच मथळा लिहीत होते: नवा जलकुंभ पूर्ण.

वरची आळी तुम्हाला आठवते. टेकाडावरची ती घरे, जिथे खालून येणारे पाणी कधीच नीट चढले नाही. आमच्या लहानपणी तिथल्या बायका डोक्यावर घागरी घेऊन उतरत आणि भरलेल्या घागरी घेऊन चढत. त्यांच्या नाती कालपरवापर्यंत प्लास्टिकचे डबे घेऊन तेच करत होत्या. आता त्या जलकुंभातून आळीत नवी नळवाहिनी टाकली आहे. ठरले असे होते की शुक्रवारी सकाळी पाणी सोडून प्रत्येक घराची जोडणी तपासायची, आणि त्यानंतर खणलेला रस्ता काँक्रीटने बुजवायचा. ज्या घराला त्या वेळी कुलूप असेल, त्याची जोडणी तशीच बंद राहणार. मग पावसाळा उलटल्याशिवाय रस्ता पुन्हा खणायची परवानगी नाही. म्हणजे दिवस चुकला तर आणखी निदान चार महिने डोक्यावर घागर. मी हे फलकावर लिहिले तेव्हा वार लिहिला, तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि 'घरी माणूस हजर हवे' या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या.

तारीख का लिहिली ते तुम्हाला सांगायला नको. मी सोळा वर्षांची होते, तुम्हाला ताप होता आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात खडू दिलात. मी मोठ्या डौलाने लिहिले, 'एकादशीस पहाटे नळाला पाणी येईल.' त्या पंधरवड्यात एकादशी दोन दिवस होती, पहिल्या दिवशी स्मार्तांची, दुसऱ्या दिवशी भागवतांची, आणि पंचांग पाठ असल्याच्या ताठ्यात मी आपल्या घरची धरून चालले. पाणी पहिल्या दिवशी येऊन गेले. दुसऱ्या पहाटे अर्धी गल्ली कोरड्या नळांपुढे घागरी मांडून उभी होती. तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. अंगात ताप असताना उठलात, आपल्या आडाचे पाणी शेंदलेत आणि त्या प्रत्येक घरी नेऊन ओतलेत. मी मागून कळशी घेऊन चालते आहे, रडते आहे, आणि तुम्ही मागे वळूनही बघत नाही. शेवटच्या घरातून परत येताना तेवढे म्हणालात, "तुला काय ठाऊक आहे ते फलकावर लिहायचं नसतं. वाचणाऱ्याला काय कळेल ते लिहायचं." त्यानंतर तुम्ही खडू पुन्हा माझ्या हाती दिला नाहीत. बरे झालात तरी नाही, पुढे हात कापायला लागला तरी नाही.

आता कालचे सांगते. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे. लेकी-जावयांचे वाण झाले, अनारसे झाले, आणि महिनाभर रोजच्या नेमाने माझे पोथीचे पारायण चालू आहे. सोवळ्यात बसायचे, मौन धरायचे आणि हाती घेतलेला अध्याय पुरा झाल्यावाचून आसन सोडायचे नाही. हा नेम तुमचा. आत्याच्या आजारपणाची तार आली तेव्हा तारवाला दारात उभा होता आणि आई भिंतीला धरून उभी होती. तुम्ही उरलेल्या ओव्या त्याच लयीत, एकही शब्द न गिळता वाचल्यात, पोथीला नमस्कार केलात आणि मग हात पुढे केलात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. पुढे वाटले की असा नेम ज्याला साधला, त्याला जगात कशाचेच भय नाही. म्हणून मीही फोन बंद करून कडीच्या कपाटात ठेवते आणि मगच आसनावर बसते.

दुपारचा एक वाजत आला असेल. दारावर थाप पडली आणि पाठोपाठ हाक. गावाचे पाणी सोडणारा, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणतात, तो उंबऱ्याबाहेर घामाने निथळत उभा होता.

"ओ बाई! फोन कामून उचलनात? सायब सकाळपासून लावायलेत!"

मी पोथीवरून नजर न काढता तळहात वर केला. थांबा, अशी खूण.

"हात दाखवू नका वो. पाणी उद्या न्हाई, आज चार वाजता सोडायलेत. काँक्रीटची गाडी उद्या सकाळीच यायलीय. मी वरच्या आळीत घसा फुटोस्तर वरडून आलो. एक बाई घरी थांबंना! म्हनत्यात, फळ्यावर उद्या लिहिलंय, तू कोन?"

माझे मौन सुटले. "मग पुसून तुम्हीच लिहायचं की."

"मी लिहिलं तर कोन मानंल? तुमचं अक्षर वळखतेत लोकं. मला म्हनतील, मामाला ऊन लागलं."

नाना, माझ्या बोटाखाली ओवीचे दोन चरण झाले होते आणि दोन राहिले होते. तुमच्या दोन आज्ञा, आसन न सोडण्याची आणि फलक वाचणाऱ्याला चुकू न देण्याची, आजवर माझ्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या. त्या कधी समोरासमोर येतील हे मला सुचलेच नव्हते. अध्याय संपायला अर्धी घटका तरी लागली असती. चार वाजायला तीन तास होते. पण आळीतली माणसे बाजारात, कापसाच्या जिनिंगवर, शेतात पांगलेली, दुपारची गाडी येण्याच्या बेतात, आणि तिने येणारी-जाणारी सगळी चौकातूनच पांगतात. मी पोथीवर वस्त्र घातले आणि उठले. सोवळ्यातच होते. चपला घालायच्याही राहिल्या. मामा पुढे आणि मी मागे, अधिकातल्या उन्हात, तापल्या रस्त्यावर टाचा उचलत. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला हसू येत होते.

फलकाच्या बरोबर खाली ओले पोते पांघरून भाजी विकणारी म्हातारी बसते. ती वरच्या आळीतली. तिला वाचता येत नाही; रोज मी लिहून झाले की "काय लिहिलं वो बाई?" विचारते आणि मग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला मेथीबरोबर बातमी बांधून देते. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"आगं बया! बाई, सोवळ्यात फळ्यापाशी? आन् चप्पल कुठं हाय?"

मी फडके उचलले. शुक्रवारची ओळ पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, 'वरची आळी. बदल. आज गुरुवार, दुपारी चार वाजता पाणी. घरी माणूस हजर हवे. आधीची वेळ रद्द.' खाली तारीख घातली. प्रत्येक अक्षर थांबून काढले.

"काय लिहिलं वो बाई?"

मी वाचून दाखवले. तशी ती पोत्यावरून उठली आणि तिने माझे मनगट घट्ट धरले. "आज? आवो, माझ्या दाराला कुलूप हाय!" आणि मग एकदम हात सोडून जीभ चावली. "शिवले की वो तुमाला."

"राहू द्या. आधी घर गाठा."

"आन् माल?"

"मी बसते."

चौकाकडे तोंड करून तिने अशी आरोळी ठोकली की देवळातले पुजारी बाहेर आले. "वरच्या आळीचं पाणी आज चार वाजता! बाईनं आपल्या हातानं लिहिलंय! जिनिंगवर सांगा, स्टँडावर सांगा!" आणि पदर खोचून टेकाडाच्या वाटेला लागली. पाठोपाठ रसवंतीवरचे दोघे सायकलीवर निघाले. एसटीतून उतरलेल्या बायका फलक वाचून पिशव्यांसकट वळल्या. मी पोत्यावर बसले. माझा एक जुना विद्यार्थी, आता केस पांढरे झालेला, चुक्याची भाजी घ्यायला आला आणि थबकला. "बाई, पेन्शन पुरंना व्हय?" मी म्हटले, "जुडी घे आणि पुढे हो, वरच्या आळीतला कोणी भेटला तर सांग." त्याने तीन जुड्या घेतल्या.

चार वाजले. साडेचार झाले. तिथून टेकाड दिसते, पाणी दिसत नाही. पाच वाजायच्या बेताला म्हातारी परत आली, निऱ्यांपासून पदरापर्यंत भिजलेली.

"आलं?"

"आलं! आधी नुसतं फुस्स फुस्स वारं. म्या म्हनलं, गेलं आता. मग लाल गढूळ. आन् मग आसं, बाई, आसं!" तिने दोन्ही हातांनी धार दाखवली, तेवढी धार त्या नळाला मावलीच नसती. मामा मागून येत होता. तो म्हणाला, "एका बी दाराला कुलूप नव्हतं, बाई." आणि माझ्याकडे न बघता तो फलकाकडे बघत राहिला.

घरी येऊन मी पुन्हा स्नान केले, दिवा लावला आणि तो अध्याय नियमाप्रमाणे पहिल्या ओवीपासून वाचला. आज सकाळी देवळात दोघीतिघींनी माझे कौतुक केले. पाणी आणण्यासाठी बाईंनी पारायण मोडले, म्हणाल्या, केवढा हा त्याग. मी तीर्थ घेतले आणि निघाले. हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून खरे ते इथे लिहिते. मामाने दार वाजवायच्या आधी मी एक पान उलटले होते, आणि त्या पानावर काय होते ते मला अजूनही सांगता येणार नाही. फोन मी कपाटात बंद केला होता, नाना. पण उद्या पाणी येणार या आनंदात माझे मन सकाळपासूनच आसनावर नव्हते. हाक आली तेव्हा मोडायला तिथे काही उरलेच नव्हते.