चाफ्याची छाटणी

९ जून

ति. ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मी बरा आहे, तुमच्या गुडघ्यांना जपा. दुकान सकाळचं तेवढं उघडतो. गिऱ्हाइकं येतात, तुमच्या बहिणीबद्दल हळहळतात आणि पँटची लांबी कमी करून घेऊन जातात. कुंड्यांना पाणी घालतो. जास्वंदीवर मावा पडला होता, तो साबणाच्या पाण्याने धुतला. बघा, मीसुद्धा माळी झालो!

तुम्ही लिहिलंय, "जाण्याआधी तिला चाफ्याचा बहर बघायला मिळाला, एवढंच समाधान. त्याची एक फांदी मला पाठवा." फोनवर मीच तुम्हाला तसं सांगितलं होतं.

ताई, यंदा चाफा फुललाच नाही.

हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा काढतील, पुढचं सांगता येत नाही. मग तिनं खाट खिडकीशी सरकवून घेतली. "अहो, एकदा चाफा फुललेला बघितला की मी मोकळी," म्हणाली. झाडावर तेव्हा एक पान नव्हतं, नुसत्या बोडक्या फांद्या. मला ते बघवेना. वाटलं, ती गुलाबाची करते तशी छाटणी केली की जोमानं फुटेल. ती झोपली होती तेव्हा शिडी लावली आणि एकूण एक शेंडा उडवला, सगळे एका मापात. हात शिंप्याचा ना! चीक टपटप गळत होता आणि मी खाली उभा राहून स्वतःवरच खूश.

चाफ्याला फुलं शेंड्यावरच येतात, हे मला एप्रिलमध्ये नर्सरीवाल्यानं सांगितलं. "काका, यंदाचा बहर तुम्ही कचऱ्यात टाकलात," म्हणाला.

ती रोज विचारायची, "तुरा दिसतोय का हो?" मी म्हणायचो, "येईल गं, यंदा जरा उशीर." झाडाला पानंच पानं. शेवटच्या आठवड्यात तिला पाणीसुद्धा जाईना. मग मी बाजारातून टोपलीभर चाफ्याची फुलं आणली, सुई-दोरा घेतला आणि खिडकीसमोरच्या फांद्यांवर एकेक फूल पानांच्या देठांना टाचलं.

जाग आल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. "छान फुललाय," म्हणाली. मग माझा हात हातात घेतला, चिकानं चिकट झालेली बोटं चाचपली आणि हळूच म्हणाली, "टाका दिसत नाही हो कुठे." तिसऱ्या दिवशी गेली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. शेंडे उडवले त्या दिवसापासूनच असणार, झाडातलं तिला काय कळायचं राहणार? चार महिने माझ्या थापा ऐकत राहिली. बत्तीस वर्षं ओल्या टॉवेलवरून रोज माझा उद्धार करणारी बाई, ताई, आणि या एका गोष्टीवर अवाक्षर नाही. चांगली कडाडली असती, तर मी रडून तरी घेतलं असतं.

फांदी पाठवत नाही. त्यासाठी पुन्हा कापावं लागेल आणि माझा हात उचलत नाही. तुम्ही या, तुमच्या हातानं न्या. आणि आल्या आल्या मला फैलावर घ्या, काही शिल्लक ठेवू नका. या घरात मला रागावणारं माणूस आता उरलेलं नाही.

तुमच्या बहिणीचा अपराधी,
शिंपीबुवा