हाताची कातडी, डोळ्याचा पडदा

प्रिय चिमे,

अक्षर वेडंवाकडं आहे म्हणून दचकू नकोस. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून वर्ष झालं. जिथे बघावं तिथेच मधोमध करडा डाग दिसतो. कडेचं तेवढं दिसतं. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचो, पण काटा कसा बसवणार? शेवटी शटर ओढलं.

आता बातमी. इथल्या इस्पितळात नवा प्रयोग चाललाय, त्यात माझी निवड झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाची मसुराएवढी कातडी काढून घेतली. प्रयोगशाळेत तिच्या पेशींना म्हणे मागे नेलं, पार आईच्या पोटातल्या पहिल्या दिवसांसारखं, जेव्हा कुठल्या पेशीचं काय व्हायचं ते ठरलेलंच नसतं. मग तिथून त्यांना डोळ्याच्या पडद्याच्या पेशी व्हायला लावलं. पेशी माझ्याच, त्यामुळे शरीर त्यांना सहसा परकं मानणार नाही. मी म्हटलं, मलाही असं मागे न्या, घड्याळजी सोडून काहीही होईन. बाई हसल्या. मग स्पष्टच म्हणाल्या, "गेलेली नजर परत येईलच असं नाही. आहे ती टिकली, तरी पुष्कळ."

प्रयोगशाळेतली मुलगी दर सोमवारी फोन करून पेशींची खुशाली सांगते. तिने कळवायलाच हवं असं काही नाही. मीच एकदा विनवलं होतं. तो फोन ठेवला की पुढच्या सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. दुपारी रेडिओ लावतो आणि मधूनमधून त्यालाच 'हो ना' म्हणतो.

आई गेली तेव्हा तुला दोन दिवसांनी कळवलं. फोन लागत नव्हता असं सांगितलं, ते खोटं होतं. मी लावलाच नव्हता. शेवटच्या आठवड्यात तिचं सगळं मी करत होतो आणि ती सारखं तुझंच नाव घेत होती. तो राग मी तुझ्यावर काढला. सहा वर्षं तू बोलली नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ऑपरेशन आहे. नंतर पंधरा दिवस डोळ्यात औषध घालायला, हात धरून न्यायला घरचं माणूस लागतं; त्याशिवाय ते ऑपरेशन करत नाहीत. सोबत कोण, असं बाईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण येईल." त्यांनी लिहूनही घेतलं. चिमे, येशील? नाही म्हणालीस तर मी स्वतः जाऊन ते खोडायला सांगेन. तुला दोष देणार नाही.

तुझाच,
दादा