कुपी निळी झाली

पुणे, ८ एप्रिल २०२५

ती. सांतानमामा,

सा. न. वि. वि. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र, आणि सोबत कुपी. तिच्यातलं लाल पाणी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं सोनं! कण इतके बारीक की उजेडात लाल दिसतात. त्यांच्या अंगाला काही चिकटलं की रंग फिरतो. तुमच्या विहिरीमागच्या माळावरच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडतात असं लिहिलंत, तेव्हापासून मनात खुटखुट आहे. विहिरीच्या पाण्याचे चार थेंब कुपीत टाका आणि रंग लगेच कळवा. तुमची मेल्विना बाळंतपणाला माहेरी आलीच असेल. मुलगी झाली तर माझं नाव ठेवू नका म्हणावं!

लोभ आहेच, आळस तेवढा नको.

तुमची भाची,
जॉयस

मालवण, २१ एप्रिल

चि. जॉयस,

अनेक आशीर्वाद. लाल पाणी बघता बघता निळं झालं. मी लगेच लिहिणार होतो, पण रोझामामीने कुपी हातातून काढून घेतली. सायबिणीच्या शालीचा रंग गो हो, बाव पावली, असं विहिरीकडे बोट दाखवत ती सगळ्या वाडीला सांगत सुटली. कुपी देवमाता सायबिणीच्या तसबिरीपुढे ठेवून नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केली. मेल्विनाला रोज सकाळी अनशापोटी त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी देते. पोरीचं पोट दुखतं, तोंडाला लोखंडाची चव येते म्हणते. सातव्या महिन्यात असं व्हायचंच.

मामाची आठवण ठेव.

सांतानमामा

पुणे, २५ एप्रिल

ती. मामा,

सा. न. वि. वि. निळा म्हणजे पाण्यात बॅटऱ्यांतलं शिसं, विषच. शिशामुळे सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि उजेडात त्यांचा रंग बदलतो, एवढंच. तुम्ही घाबराल म्हणून मी हे आधी लिहिलं नाही. चूक माझीच. मामीला फोन केला तर ती हसली, आणि मेल्विना आईचंच ऐकते. म्हणून माझा भाऊ जेरी याच्या हाती हे पाठवते आहे. त्या विहिरीचा थेंबही कुणी पिऊ नये. मेल्विनाचं रक्त ताबडतोब तपासून घ्या.

माझ्यावर रागवा, पण एवढं ऐका.

जॉयस

कुडाळ, २७ एप्रिल

चि. जॉयस,

आशीर्वाद. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. रक्त घेतलं, उद्या सांगतील. सकाळी विहिरीवर पत्रा टाकला, वर दगड ठेवले. तुझं पत्र रोझाला वाचून दाखवलं. ती समोर जपमाळ घेऊन बसली आहे. फार ऊन होतं, मेल्विना वाटभर बाटलीतलं पाणी पीत आली. बाटली रोझाने पत्रा टाकायच्या आधीच विहिरीवर भरून आणली, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. ती रिकामी आहे.

सांतानमामा